बांधाला उघाडी

गणपतीत घरी जायला मिळालं नाही म्हणून फॅमिली ग्रुपवर जरा जास्तच पडीक होतो, आणि तिथे आरतीच्या व्हिडिओंपेक्षा जोरात चालू होतं ते रेवस-करंजा पुलावरचं भांडण, म्हणजे आमच्या अलिबागकडचं रेवस आणि खाडीपलीकडचं उरणचं करंजा जोडणारा पूल. चुलतभावाचं म्हणणं, पूल झाला आणि पुढे अटल सेतू आहेच, मग मुंबई किती लांब राहिली, पोरांना पनवेलला खोली घेऊन राहायला नको, लाँचची वाट बघायला नको. आत्या म्हणते पूल होईल तेव्हा गावात आपण असू का, सगळी बंगलेवाल्यांची कंपाउंडं. (हा पूल आमच्याकडे मुख्यमंत्री अंतुलेंच्या काळापासून होतोय, ते एक असो.) मी मध्येच "आमच्याकडे फ्लोरिडात..." एवढंच लिहिलं तर आत्याने "आला अमेरिकन" म्हणून हात जोडलेला इमोजी टाकला. बरं, आलाच आहे तर सांगतो.

मी होमस्टेडला राहतो, मायामीच्या खाली. आमच्या पुढचं गाव फ्लोरिडा सिटी, तिथून एक रस्ता समुद्रात शिरतो आणि बेटाबेटांवरून की वेस्टपर्यंत जातो. इथे या बेटांना 'की' म्हणतात. 113 मैल, म्हणजे 180 किलोमीटरच्या वर, 42 पूल, त्यातला एक एकटाच जवळजवळ 11 किलोमीटरचा. दोन्हीकडे निळंशार पाणी, पहिल्यांदा गेलो तेव्हा बायको दर पाच मिनिटांनी गाडी थांबव म्हणत होती. पत्ता विचारला तर लोक मैलाचा नंबर सांगतात, की वेस्टला शून्य. प्यायचं पाणीसुद्धा आमच्या बाजूच्या विहिरींमधून पाइपने याच वाटेने जातं. म्हणजे ही वाट अडली तर बेटांचं सगळंच अडलं.

रस्त्याच्या आधी इथे रेल्वे होती. फ्लॅगलर नावाचा तेलात गबर झालेला माणूस, त्याने म्हातारपणी हट्टाने समुद्रातून रूळ टाकले, 1912 ला पहिली गाडी की वेस्टला पोचली. जिथे पाणी उथळ तिथे पुलाऐवजी सरळ भराव टाकला. आता भराव म्हटलं की आमच्या खारेपाटातला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातला, शेंबडा पोरगापण विचारेल, उघाडी कुठाय? बांध घातला तर भरती-ओहोटीचं पाणी यायजायला वाट ठेवायची, नाहीतर उधाणाला पाणी स्वतःच खांड पाडून वाट करतं आणि मग शेत गेलं. तसंच झालं. 2 सप्टेंबर 1935 च्या वादळात समुद्राने मैलोन् मैल भराव धुवून नेला, 400 च्या वर माणसं मेली, त्यात रस्त्याच्या कामावर आणलेले पहिल्या महायुद्धातले माजी सैनिक कितीतरी, आणि त्यांना काढायला पाठवलेली गाडीच लाटेने रुळावरून आडवी केली. रेल्वे संपली. उरलेले पूल सरकारने विकत घेऊन त्यावरून रस्ता केला, तो 1938 ला सुरू झाला. की लार्गोजवळ एक सरोवर आहे, त्याचे त्या भरावाने दोन तुकडे केले होते, ते जोडायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. नवा उंच पूल बांधला तेव्हा जुना भराव उकरून काढला.

पण मला ग्रुपवर सांगायचं होतं ते पुढचं आहे. या बेटांवर वर्षाला किती नवीन घरांना परवानगी द्यायची हे 1992 पासून मोजून ठरतं, आणि ते ठरवताना एक मोठा हिशोब असा की वादळ यायच्या आधी साधारण 24 तासांत एवढी माणसं या एका रस्त्याने बाहेर पडू शकतील का. रस्त्याला झेपेल तेवढीच घरं, मग तुमच्याकडे जमीन असो नाहीतर पैसा. 2017 ला इर्मा वादळ आलं तेव्हा बेटांवरून येणाऱ्या गाड्यांची रांग आमच्या गावातून जाताना बघितली, मागे गाद्या, कुत्री, होड्या बांधलेल्या, तेव्हा हा नियम कशाला आहे ते डोक्यात शिरलं.

आता याचा अर्थ इथे सगळं गोड आहे असा कृपया काढू नका. घरं कमी म्हणून भाव आभाळाला, हॉटेलात भांडी घासणारी आणि खोल्या आवरणारी माणसं आमच्याकडून पहाटेची बस पकडून बेटांवर कामाला जातात. आत्याची भीती इथे खरीच झालीय, नियम असूनही. आणि अजून परमिटं द्या म्हणून ओढाताण चालूच असते. पण निदान आकडा समोर ठेवून भांडतात हो.

आपल्याकडे पूल हवा की नको यावरच गाडी अडते. मला विचाराल तर पूल हवा, बाळंतीण लाँचमध्ये बसवून नेलेली मी पाहिलीय, मला त्यातला रम्यपणा कोणी शिकवू नये. पण अटल सेतू जानेवारी 2024 ला सुरू झाला, 21.8 किलोमीटर, कौतुकच आहे, मात्र तिथून उतरलेल्या गाड्या पुढे वडखळ-अलिबाग रस्त्यावर शनिवारी कुठे मावणार, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात पन्नास स्विमिंग पूल कशाने भरणार, खाडीत भराव किती आणि खांबांवर किती, हे विचारणारा माणूस आमच्या ग्रुपवर तरी नाही. निसर्ग वादळ 3 जून 2020 ला अलिबागजवळच किनाऱ्याला लागलं, आमची सुपारीची वाडी आडवी झाली, काही आठवडे वीज नव्हती. तेव्हा लॉकडाऊन होता म्हणून वीकेंडवाले नव्हते. ते असते तर कुठून आणि किती तासांत बाहेर काढले असते?

हेच ग्रुपवर टाकलं. आत्याने अंगठा दिला. चुलतभावाने उत्तर म्हणून रस्त्याकडेच्या जागेचा गुंठ्याचा भाव पाठवला, आणि खाली, तुझा हिस्सा काढायचा असेल तर आत्ताच सांग.