‘विंट’ प्रोटीन आणि डाळी: फिरत्या मेसेजबद्दल खुलासा

दादर-माहीमच्या सोसायटी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘विंट नावाच्या प्रोटीनमुळे आतड्याचा कॅन्सर होतो, म्हणून डाळी आणि अंडी बंद करा.’ विंटचा या कॅन्सरशी संबंध आहे, हे खरं. पुढचं चूक.

विंट ताटातून येत नाही. आपल्याच पेशी ते तयार करून बाहेर सोडतात. शेजारच्या पेशीवरच्या ‘फ्रिझल्ड’ ग्राहीला (बाहेरचा निरोप घेणाऱ्या प्रोटीनला) ते चिकटलं की आत बीटा-कॅटेनिन नावाचं दुसरं प्रोटीन साठतं आणि ठरावीक जनुकं चालू होतात. गर्भाची जडणघडण, हाडांची मजबुती, आतड्याच्या अस्तराचं सतत नवं होणं यांना हा निरोप लागतोच. 1982 मध्ये नुस्से आणि व्हार्मस या शास्त्रज्ञांना विंटचं पहिलं जनुक उंदरांच्या स्तनांतल्या गाठींत सापडलं. माणसाच्या आतड्याच्या बहुतेक कॅन्सरमध्ये मात्र बिघाड पुढच्या टप्प्यावर असतो: बीटा-कॅटेनिन मोडायला मदत करणारं एपीसी जनुक निकामी होतं, आणि बटण न दाबताही बेल वाजत राहावी तशी पेशी वाढत सुटते.

डाळीतली प्रथिनं पचनात अमिनो आम्लांत मोडतात. वरण सोडून हा बिघाड टळत नाही (आजारी माणसाने तर स्वतःच्या मनाने मुळीच सोडू नये). शौचातून रक्त जात असेल तर डॉक्टरांना दाखवा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.