नाताळ आमचा, घाई मॉलची

दिवाळीचे आकाशकंदील उतरले नाहीत तोच इथे वसईत मॉलमध्ये कापसाचा बर्फ पडायला लागतो. बत्तीस डिग्रीत! आमच्या चर्चमध्ये तेव्हा आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचा तयारीचा काळसुद्धा लागलेला नसतो. चार रविवार वाट बघायची असते हो, पण वाट बघतंय कोण? ऑफिसात लाल टोप्या, ‘सिक्रेट सांता’, आणि मला ठरलेला प्रश्न: ‘पार्टी कुठे? केक कधी आणणार?’ येशू जन्मला तो काय रम-केक खायला?

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला तर कहरच. फादर प्रवचन देतायत आणि इकडे गव्हाणीपुढे सेल्फीची रांग. एकीने कॉफीचा ग्लास चक्क बाळयेशूशेजारी टेकवला, दोन्ही हात मोकळे हवेत ना पोझला!

बरं, सांता एवढा लाडका, तर त्याचं मूळ तरी? चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या मायराचा बिशप, संत निकोलस. सण ६ डिसेंबरला. त्या दिवशी कुत्रं विचारत नाही.

आमचा नाताळकाळ २५ला सुरू होतो, पार जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत. मॉलवाले २६ला झाड गुंडाळून ‘न्यू इयर सेल’ लावून मोकळे. २८ला कुणाला नाताळाच्या शुभेच्छा दिल्या तर उलट मलाच, ‘अगं, अजून?’