पावती मात्र आपल्याच नावानं फाडा

शंकरपटात, म्हणजे विदर्भातल्या बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी उतरवायची हौस दांडगी, पण घरी सामान नाही, म्हणून जे बंधू दरवर्षी दोरीबाहेर उभे राहून नुसत्या शिट्ट्या मारतात, त्यांच्यासाठी हे चार शब्द. सामान नसल्यानं पटात कुणाचं आजवर अडलेलं नाही. तळेगाव दशासरच्या मोठ्या पटापासून पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धानाच्या बांध्यांमध्ये भरणाऱ्या लहानशा पटापर्यंत कुठंही जा आणि पहिल्या नंबरचा छकडा जवळून पाहा. जू एकाचं, चाकं दुसऱ्याची, कासरा तिसऱ्याचा. जोडी ज्या पिकअपमधून आली तिचा मालक घरी बायकोला सांगत असतो, गाडी गॅरेजात आहे म्हणून.

तेव्हा मागायला शिका. शेतीत एवढं पिकत नाही.

सामान कधीही थेट मागू नये. आधी बैलावर यावं. पटवाल्याची स्वतःची तारीफ केली तर तो सावध होतो, त्याच्या बैलाची केली तर पाणी पाणी होतो. डाव्या बैलाच्या वशिंडावरून हात फिरवा, दोन पावलं मागं सरका, डोळे बारीक करा आणि म्हणा, "अस्सल गवळाऊ दिसते बाप्पा. आर्वीकडचा काय?" तो बैल गेल्या बाजारात कुठल्याशा दलालाच्या दावणीतून आणलेला आणि चार जातींचा असला तरी मालक नाही म्हणणार नाही. वर्धा-आर्वी पट्ट्यातला गवळाऊ पांढरा, अंगानं हलका आणि पायानं चपळ, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळं ज्याचा बैल पांढरा त्याचा बैल गवळाऊ, हा हिशोब चालून जातो. गडचिरोली-चंद्रपूरकडं असाल तर गवळाऊच्या जागी कठाणी म्हणा. मग हळूच, जाता जाता आठवल्यासारखं, "भाऊ, तुमच्यावाला सोळा-सतराचा पाना होता ना? पाच मिनिटाचं काम हाय."

पाच मिनिटं हे पटातलं सर्वमान्य माप आहे. त्याची लांबी दिवाळीपासून होळीपर्यंत कितीही असू शकते.

वेळेचंही शास्त्र आहे. सकाळी कुणी काही देत नाही, कारण सकाळी प्रत्येकाला स्वतःचीच जोडी जिंकणार असं वाटत असतं. दुपारी धाव झाल्यावर हरलेला माणूस मोठ्या मनाचा होतो. झाडीपट्टीत तर याहून सोय आहे: दिवसा पट आणि रात्री नाटक. तिसऱ्या अंकात नायिकेवर संकट कोसळलेलं असतं, गड्याचे डोळे भरलेले असतात, अशा वेळी कानाशी लागून चाक मागावं. तो मान डोलावतो. मान कशासाठी डोलावली हे सकाळी त्याला सांगता येत नाही.

आता पान्याचं बघू, कारण नवख्यांची फजिती इथंच होते. नट जाम असला तर आपला पाना चुकूनही लावू नये. जोर लावला की पाना सरकतो, नटाचे कोपरे मरतात आणि पान्याचा जबडा फाकतो. हे सगळं शेजाऱ्याच्या पान्यावर होऊ द्यावं. त्याला वरून हातभर लोखंडी नळी घालावी आणि दोघांनी मिळून लोंबकळावं. काम झालं की त्याच पान्यानं आसाची खीळ ठोकून घ्यावी, म्हणजे हातोडी वेगळी मागायला नको. एका पटात मी असा एक पाना हातात घेऊन पाहिला. जबडा इतका फाकलेला की सतराचा नट आत खुळखुळत होता. दांड्यावर छिन्नीनं कोरलेलं 'रा' हे अक्षर होतं, मूळ मालकाच्या नावातलं. त्याच्यापुढं कुणीतरी नव्या, चकचकीत ओरखड्यांनी 'म' जोडला होता. झाला 'राम'. आता देवाच्या पान्यावर हक्क सांगायला कोण पुढं येणार? या कल्पकतेला माझा मनापासून नमस्कार आहे. परत करायची पाळी आलीच, तर ग्रीसनं माखलेला तो पाना मालकाच्या धुतलेल्या शर्टावर टेकवून वर दोष द्यावा: "कच्चा निंगाला भाऊ तुमचा पाना. चांगल्या कंपनीचा घ्या ना एखादा." त्यानं घेतला तर तो कुठं ठेवतो हे पाहून ठेवावं.

ग्रीसचा डबा मागू नये. डबा मागणारा लोभी दिसतो. बोटभर मागावं. हल्ली छकड्याच्या चाकात बेअरिंग आलं आहे, तेव्हा बोटभर ग्रीस कुणीही देतो. आपण फक्त ते बोट आधी पटाच्या मातीत नीट फिरवून घ्यायचं आणि मग डब्यात बुडवायचं. ती रेती पुढच्या फेरीत त्याच्याच बेअरिंगमध्ये कुरकुरते. निकाल सेकंदाच्या शंभराव्या तुकड्यावर लागतो, त्या खेळात ही रेती किती कामाची आहे हे ज्याचं त्यानं ओळखावं. बैलाला काही टोचलं, पाजलं तर गुन्हा आहे. डब्यात बोट घालण्याविरुद्ध कायदा नाही.

जुवाची गोष्ट जरा नाजूक. पूर्वी धावड्याचा आस आणि तिवसाचं लाकूड म्हणजे तीन पिढ्यांचं काम, पण ते बंडीला, म्हणजे ओझ्याच्या बैलगाडीला. पटाला वजन चालत नाही, म्हणून शिवणीसारखं हलकं लाकूड पाहून जू घडवून घेतात. वाढई त्या दोन बैलांच्या खांद्यांची उंची पाहतो, मानेचा घेर पाहतो, शिवळांची, म्हणजे मानेच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्यांची, भोकं त्या अंदाजानं पाडतो आणि जिथं खांदा टेकतो तिथं रंधा मारून गोलाई देतो. म्हणजे ते त्या जोडीचंच जू असतं. तुमची जोडी एक बैल उंच, एक बुटका अशी असेल तर अशाच जुवावर नजर ठेवा. दोन पटांत तुमच्या बैलांना खांदेसूज येईल हे खरं, पण तेवढ्यात जुवाची गोलाईही अशी बिघडेल की ते परत गेल्यावर मूळ मालकाच्या बैलांनाही येईल. मग दोघांनी एकाच औषधाची बाटली आणावी. ती त्यानं आणावी.

आणि पाण्याची बादली मागितल्याशिवाय मैदान सोडू नका. एका बादलीत चार जोड्यांनी तोंड घातलं की लाळ्या-खुरकत फुकट मिळते.

मुदत कशी वाढवावी, या विषयात वऱ्हाडातल्या एका महापुरुषानं जे करून दाखवलं त्याला तोड नाही. गाव सांगत नाही, माणूस अजून हयात आहे आणि जूही. त्यानं २०१४ च्या हंगामात एक जू मागून नेलं. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. मालक जू मागायला गेला, तर हा म्हणतो, "पटच बंद झाले भाऊ. आता जू नेऊन चुलीत घालता काय?" मालक निरुत्तर. २०१७ मध्ये विधिमंडळानं शर्यतींसाठी कायदा दुरुस्त केला; मालकानं चप्पल घातली. पण तो पोचेस्तोवर मुंबई हायकोर्टानं अडवलं. "पाहा, म्या म्हटलंच होतं." पुढं सगळं प्रकरण घटनापीठाकडं गेलं. १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं अटी घालून परवानगी दिली, गावोगाव गुलाल उडाला, मालक गुलालासकट याच्या दारात. हा गंभीर. "अंतरिम हाय हे. अंतिम निकाल लागू दे. उद्या पुन्हा बंदी आली तर तुमच्या घरी जागा कुठं हाय ठेवायले?" २०२२ च्या सप्टेंबरात लम्पी पसरली, जनावरांचे बाजार आणि शर्यती थांबल्या, ती मुदत निसर्गानंच दिली. शेवटी १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. आता पळवाट नाही, असं म्हणत मालक पोचला. यानं शांतपणे चहा ठेवायला सांगितला, मिशीवर हात फिरवला आणि विचारलं, "कोणतं जू?"

नऊ वर्षं! वकील न लावता! अशा माणसाला आपण सरपंचही केलं नाही.

सगळंच मागून आणा म्हणतो तर एक अपवाद सांगितला पाहिजे. टोकाला आर लावलेली तुतारी, म्हणजे बैलाला टोचायची काठी. परवानगीच्या अटींत बैलाला टोचणं, मारणं बसत नाही, त्यामुळं मैदानात तपासणीला माणसं असतात. तुतारी सापडली तर मात्र एरवी कधीच न आठवणारं मालकाचं नाव, बापाचं नाव, आडनाव आणि वॉर्ड नंबर सगळं एका दमात आठवावं. "माह्यी नाही साहेब, त्याच्याकडून मागून आणली." पटाच्या मैदानावर खऱ्या मालकाचा सन्मानानं उल्लेख होतो तो एवढ्या एकाच प्रसंगी.

सामान जमलं की बैलाकडं वळा. पटाचे बैल जुवाला बाजू धरून तयार झालेले असतात. उजवीकडचा डावीकडं जुंपला तर बिथरतो. तुमच्याकडं डाव्या बाजूचा एक बैल असेल, तो कितीही थकलेला असो, तर तुमच्याकडं अर्धी जोडी आहे आणि अर्धी जोडी म्हणजे बोलणी करण्याचा पूर्ण अधिकार आहे. ज्याच्याकडं उजवा धावरा बैल आहे पण जोड नाही, त्याला गाठा. "तुमचा उजवा, माहा डावा. जमते काय पाहू एखाद्या पटात." ढेप त्याची, सरकी त्याची, डॉक्टरचं सर्टिफिकेट त्यानं काढायचं, पिकअप कुणाचं तरी असतंच. हरलात तर "तुमच्या बैलानं शेवटी पाय काढला नाही" असं चारचौघांत दुःखानं सांगावं. जिंकलात तर बोलायची गरजच नाही, माइकवाला बोलतो, आणि तो पावतीवरचं नाव वाचतो. म्हणून या एका ठिकाणी हात आखडू नका. प्रवेशाची पावती आपल्या नावानं, आपल्या हातानं फाडा. पैसे हवं तर उसने घ्या. बक्षिसाच्या मोटारसायकलवर हार घालून फोटो निघतो तेव्हा उजव्या बैलाचा मालक बैलाला पाणी पाजत असतो. फोटोत येत नाही.

धुरकरीही मागून मिळतो, चांगला धुरकरी एका दिवसात चार मालकांच्या जोड्या हाकतो. पण त्याचे पैसे बुडवू नका, हे मी अगदी गंभीरपणे सांगतो. कासरा त्याच्या हातात असतो. बोटभर ओढला की तुमचा शंभरावा तुकडा गेला, आणि तो कुठं गेला हे कोणत्याही कोर्टात सिद्ध होत नाही. बाकी कुणाचंही बुडवा.

देणाऱ्यांचं काय, असं कुणी विचारेल. प्रत्येक गावात असा एक गडी असतोच. तो नाही म्हणू शकत नाही. एकदा म्हटलं तर पट हरल्याचं कारण वर्षभर त्याच्या नावावर जमा होतं: "त्यानं आस दिला नाही, नाहीतर..." म्हणून तो देतो, आणि देऊन झाल्यावर स्वतःच्या छकड्यासाठी तालुक्याला नवीन सामान आणायला जातो. तेही तुमच्याचसाठी. त्यानं वही ठेवली तर वहीची टिंगल करा. "माणुसकी लिहून ठेवता काय भाऊ?" एवढं वाक्य पुरतं. त्याची घरची मात्र जड जाते. अशा एका वहिनीनं ओट्यावरून दिलेला टोला ऐका: "सासरी गेलेली पोरगी तरी सणाले माहेरी येते. तुमच्या भाऊजीचं चाक कोणत्या सणाले येते?" उत्तर देऊ नका. चप्पल घाला आणि निघा.

सण म्हटला म्हणजे पोळा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकताना, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या" म्हणताना मालकाला तो खांदा दिसतो, खांद्यावरचा व्रण दिसतो आणि जू आठवतं. त्या दिवशी गावात दिसू नका. दुसऱ्या दिवशी दिसावंच लागतं, कारण पोळा सगळ्या गावाचा. तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची टोमणेवजा गाणी, सुरू होतात, आणि झडतीत कुणाचं नाव न घेता कुणालाही सोलता येतं:

चाक नेलं, आस नेला, नेलं माह्यं जू,
माह्यं सामान मागाले गेलो, मलेच म्हणते 'कोन तू?'
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

सगळ्यात मोठ्यानं "हर हर महादेव" तुम्ही म्हणायचं. सगळ्यांच्या आधी हसायचं, आणि हसता हसता शेजाऱ्याच्या पाठीवर थापही मारायची, म्हणजे लोकांना वाटेल झडती त्याच्यावर होती. गर्दी कुणाकडं बघते आहे ते अजिबात पाहू नका. झडती म्हणणाऱ्याच्या बैलांकडं पाहा. उजव्याच्या अंगावर झूल नवी कोरी दिसते, घुंगरमाळही औंदाचीच आहे. जवळ जा, वशिंडावरून हात फिरवा.