कॉफी केक, तडकलेलं भांडं आणि माझी चूक

ताई,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली तेव्हा आधी चिडलेच. मग माझा मूळ लेख पुन्हा उघडला आणि चिडायला फारशी जागा उरली नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. स्टोनवेअरच्या, म्हणजे कडक आचेवर भाजलेल्या मातीच्या, भांड्यात चेरी भरलेला कॉफी केक कसा करायचा, यावर मी मागे लिहिलं होतं. ताईंनी ठाण्याला तो करून पाहिला. चेरी मिळाल्या नाहीत म्हणून महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी घेतल्या, स्टोनवेअर म्हणून घरातलं चिनी मातीचं पसरट भांडं घेतलं आणि वेळ मी दिली होती तेवढीच, ४० मिनिटं. केक मधोमध कच्चा, फळं तळाशी, आणि ओव्हनमधून काढून ओट्यावर ठेवल्याठेवल्या भांडं उभं तडकलं. त्यावर त्यांनी लिहिलंय की केकमध्ये कॉफीचा थेंब नाही, भांड्याला साबण लावायचा नाही, हे सगळे तिकडचे नखरे आहेत, आमचा अ‍ॅल्युमिनियमचा डबाच बरा. आणि शेवटी, "कुठल्या कंपनीची जाहिरात करताय का?"

४० मिनिटं ही सरळसरळ माझी चूक. ती कृती माझ्या वहीत पत्र्याच्या साच्यासाठी उतरवलेली होती. लेख लिहिताना भांडं बदललं, आकडा तसाच राहिला. अ‍ॅल्युमिनियम भाजलेल्या मातीपेक्षा शंभरपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. पत्र्याचा डबा ओव्हनमध्ये गेला की थोड्याच वेळात कडेचं पीठ शिजायला लागतं. मातीचं भांडं आधी स्वतः तापतं, मग केकची दखल घेतं. मी स्वतः ९ इंची भांड्यात ३५० फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे १७५ सेल्सियसला, पंचावन्न मिनिटं ठेवते. कधी तासही लागतो. तुमच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, कॉइल भांड्याच्या जवळ असणार, त्यामुळे जाळी मधल्या खणात ठेवा आणि वरचा रंग आला की अ‍ॅल्युमिनियम फॉइलची सैल टोपी घाला. आत पोहोचायला माती वेळ घेणारच, तोवर वरचा भाग करपायला नको.

काडी घालून पाहायची सवय इथे फसवते. काडी फळात गेली की ती ओलीच येणार, तुम्ही केक आणखी दहा मिनिटं ठेवणार आणि कडा कडक होणार. दोन फळांच्या मधली जागा शोधून काडी घाला आणि भांड्याच्या कडेपासून केक सुटलाय का ते बघा. काडीला एखादा ओलसर कण चिकटला तरी चालेल, कारण बाहेर काढल्यावरही हे भांडं बराच वेळ गरम राहतं आणि आतला केक शिजत राहतो.

फळं तळाशी का गेली, याचं उत्तरही त्याच मंदपणात आहे, आणि हे मला तुमच्या प्रतिक्रियेमुळेच नीट उमगलं. पीठ घट्ट होईपर्यंत फळ खाली सरकत राहतं. पत्र्यात ती मुदत लहान असते, मातीत लांबते. फळं मैद्यात घोळवून घाला असं सगळे सांगतात, मीही सांगितलं होतं. पण पीठच पातळ असेल तर त्या घोळवण्याला काही अर्थ नाही. पीठ चमच्यातून ओघळता कामा नये, थापून पडायला हवं. इथे अमेरिकेत त्यासाठी सावर क्रीम, म्हणजे आंबवलेली घट्ट साय, घालतात. तुमच्याकडे त्याला उत्तम पर्याय आहे तो श्रीखंडाचा चक्का, चमचा-दोन चमचे दुधात सैल केलेला. मी २५० ग्रॅम मैद्याला २०० ग्रॅम चक्का घेते. साधं दही घातलंत तर पाणी सुटलंच समजा.

त्यात तुमच्या स्ट्रॉबेरी. शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरीत नव्वद ग्रॅम पाणी असतं आणि तुम्ही त्या कच्च्याच चिरून घातल्यात. मी वापरते त्या चेरी म्हणजे मिशिगनच्या आंबट माँटमोरेन्सी. मी डेट्रॉइटच्या बाहेर राहते. वर ट्रॅव्हर्स सिटीच्या बाजूला त्यांच्या बागाच बागा आहेत आणि जुलैत तिथून डबे भरून येतात. नुसत्या खाल्ल्या तर डोळे मिटतात इतक्या आंबट. पण त्याही मी कच्च्या घालत नाही, आणि हे लेखात एका ओळीत उरकलं होतं म्हणून आता नीट सांगते. अर्धा किलो फळ, १०० ग्रॅम साखर, २५ ग्रॅम कॉर्नफ्लॉवर. साखर लावून फळ अर्धा तास ठेवायचं, सुटलेल्या रसात कॉर्नफ्लॉवर कालवायचं आणि मग सगळं गॅसवर. आधी ते दुधाळ, गढूळ दिसतं. सतत ढवळत राहा. बुडबुडे फुटायला लागले की एकदम पारदर्शक होतं, चमकतं आणि चमच्याच्या पाठीला धरून राहतं. तिथेच थांबायचं. गढूळ असतानाच उतरवलंत तर पिठूळ चव येते आणि केकमध्ये ते पुन्हा सैल होतं. पूर्ण गार करा. अर्धं पीठ खाली, मग फळ, वरचं पीठ पसरायच्या भानगडीत न पडता चमच्याने ठिकठिकाणी टाका. मधल्या फटींतून वाफ निघते. त्यावर मैदा, लोणी, साखर आणि दालचिनीचा हाताने चुरलेला भुगा.

(बेकरीतल्या लाल चेरी मात्र आणू नका. त्यातल्या बऱ्याचशा पाकवलेली, रंगवलेली करवंदं असतात. करवंदाबद्दल मला प्रेम आहे, पण या कामाला ती नाहीत. आलुबुखार मिळाले तर ते घ्या.)

आता भांडं. ते तडकल्याचं खरंच वाईट वाटलं, तुमच्या रुखवतातलं होतं म्हणालात म्हणून जास्तच. पण दोन गोष्टी विचारते. ते नक्की स्टोनवेअर होतं का? भांडं उलटं करून तळाची कड बघा, तिथे झिलई नसते. त्या खरखरीत जागेवर पाण्याचा थेंब ठेवा. थेंब शोषला गेला तर ती कमी आचेवर भाजलेली सच्छिद्र माती. स्टोनवेअर साधारण १२०० सेल्सियसला भाजतात, माती जवळजवळ काचेसारखी जुळून येते, थेंब वरच बसून राहतो. तुमच्या घरात खरं स्टोनवेअर असेलच. लोणच्याची ती तपकिरी-पांढरी बरणी, जिला आपण दादरा बांधतो, ती त्याच जातीची. नुसतं 'चिनी माती' म्हटलं की दोन्ही त्यात येतात, आणि हा फरक मी लेखात सांगायला हवा होता.

दुसरं म्हणजे ओटा. तुम्ही लिहिलंय, "नुकताच पुसलेला ग्रॅनाइटचा ओटा." ओला, गार दगड आणि त्यावर १७५ अंशांचं भांडं! तळ झटकन आकसतो, वरचा भाग अजून फुगलेलाच, आणि माती वाकत नाही, तुटते. अस्सल स्टोनवेअरही याला दाद देणार नाही. लाकडी पाटावर किंवा कोरड्या फडक्याची घडी करून त्यावर ठेवायचं.

शहाणपणा शिकवत नाहीये, माझंही एक गेलंय. गराज सेलमध्ये चार डॉलरला घेतलेलं लांबट भांडं. पाहुणे दारात आणि उरलेला केक फ्रिजमध्ये, म्हणून भांड्यासकट तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवला. दार लावून वळले नाही तोच आतून 'टण्ण' असा आवाज आला. देवळातल्या घंटेसारखा, स्वच्छ. दार उघडलं तर भांड्याचे सरळ दोन तुकडे, जणू कोणी करवतीने कापलंय. मधून चेरीचा रस ओव्हनच्या तळाशी टपटपतोय, धूर होतोय, वर स्मोक अलार्म किंचाळतोय आणि पाहुणे चपला काढू की नको अशा विचारात उभे.

साबणाबद्दल तुम्ही "शी!" लिहिलंय. बिडाच्या तव्याला तुम्ही साबण लावता का? बिनझिलईच्या स्टोनवेअरचं तसंच आहे. तेल तापून तापून त्यावर काळपट थर चढतो आणि तोच चिकटू देत नाही. साबण मात्र त्या थराला धरून राहतो आणि पुढच्या पदार्थाला त्याचा वास येऊ शकतो. गरम पाणी आणि कडक ब्रश पुरतो. झिलईचं भांडं असेल तर खुशाल साबण लावा, तिथे माझा नियम लागूच नाही.

हे मी शिकले ते लाजिरवाण्या पद्धतीने. इथे नवीन असताना शेजारच्या आजींनी तळ काळाकुट्ट झालेल्या भांड्यातून केक आणून दिला. मी खाल्ला, आणि भांडं परत द्यायचं तर लख्ख करून, शिवाय रिकामं कसं द्यायचं! अर्धा तास तारेच्या घासणीने घासलं, पार वाळूच्या रंगाचं केलं, साजूक तुपातला शिरा भरला आणि मोठ्या अभिमानाने घेऊन गेले. आजींनी शिऱ्याचं कौतुक केलं. मग भांड्याच्या कडेवरून हळूच बोट फिरवलं आणि म्हणाल्या, वीस वर्षं लागली होती गं याला. त्यानंतरचे दोन महिने त्यांचा प्रत्येक केक तळाला चिकटत होता, आणि तो चिकटलेला केक त्या मला आवर्जून आणून देत.

ते भांडं पॅम्पर्ड शेफचं होतं. डोरिस ख्रिस्तोफर या बाईंनी १९८० मध्ये शिकागोजवळच्या आपल्या घराच्या तळघरातून सुरू केलेली ही कंपनी. माल दुकानात नाही, तर घरोघरी बायका जमवून, करून दाखवून विकायचा. हळदीकुंकवात साड्यांचं गाठोडं उघडतं तसंच. २००२ मध्ये वॉरन बफेंच्या बर्कशायर हॅथवेने ती विकत घेतली. एवढी मोठी कंपनी ठाण्यातल्या ओटीजीवाल्यांसाठी मला पैसे देईल असं वाटत असेल तर तुमच्या तोंडात साखर पडो, पण आजवर एक छदाम मिळालेला नाही.

कॉफी नसण्याबद्दल फार बोलत नाही. हा कॉफीसोबत खायचा केक, जर्मन घरांतून इकडे आला. चहाच्या मसाल्यात चहा असतो का?

अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याबाबत मात्र अर्धं मान्य. साधा स्पंज केक, कपकेक, मावा केक पत्र्यातच करावा. त्यांना पटकन आच लागते. मातीत ते सुस्तावतात. स्टोनवेअर सगळ्याला चांगलं, असा माझ्या लेखाचा सूर होता, तो मागे घेते. पण आंबट फळ असेल तर उघड्या अ‍ॅल्युमिनियमला माझा नकार आहे. आपण चिंचेचं सार बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात ठेवतो का? कळकेल म्हणून नाही ठेवत. अ‍ॅल्युमिनियमलाही आंबट लागलं की धातूची चव उतरते. डबाच वापरायचा असेल तर आत बटर पेपर घाला आणि ४० मिनिटांनी बघा, तिथे तो आकडा बरोबर आहे. शिवाय हा केक उलटा पाडायचा नसतो, भांड्यातूनच वाढायचा. मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायच्या जेवणाला, तो दीड तासाने पोहोचला तरी मातीत कोमट असतो, हे माझं या भांड्यावरच्या प्रेमाचं खरं कारण.

मूळ लेखात आज दुरुस्ती केली आहे: वेळ, थेंबाची चाचणी, फळ शिजवणं आणि ओला ओटा. खाली तुमचे आभारही मानलेत.

तुकडे टाकले नसतील तर ठेवा. माझ्या तुटक्या भांड्याचे हातोडीने बारीक तुकडे केले आणि तुळशीच्या कुंडीत तळाच्या भोकावर घातले. पाणी छान निचरतं.