सायलेन्सर गोठवून काय मिळतं?

‘बंदुकीचा सायलेन्सर उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवा. धातूचे अणू जवळ येतात, वेल्डिंगचे ताण जातात, आयुष्य दुप्पट होतं, आवाजही घटतो.’ हा मेसेज भोसरीतल्या अर्ध्या वर्कशॉपवाल्यांनी मला पाठवला. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात आवाज दाबणारा जोडभागही ‘फायरआर्म’मध्येच मोडतो, तेव्हा बुडवायला तो आहे कुणाकडे? पण असलं वाचून गिऱ्हाईक वाट्टेल त्याला क्रायो, म्हणजे असं गोठवणं, मागतं, म्हणून लिहितोय.

अणू जवळ येतात, कबूल. १०० मिलिमीटर स्टेनलेस पाव मिलिमीटरच्या आसपास आकसतं. बाहेर काढलं, खोलीच्या तापमानाला आलं, की होतं तेवढंच.

क्रायो थोतांड नाही. डी-२ या टूल स्टीलचा (अवजारांच्या पोलादाचा) पंच क्वेंच केला, म्हणजे तापवून झटकन थंड केला, तरी त्यात थोडा ऑस्टेनाइट, म्हणजे पोलादाची गरम असतानाची मऊ रचना, शिल्लक राहतो. थंडीत त्यातल्या बऱ्याचशाचा मार्टेन्साइट, म्हणजे कडक रचना, होतो, पंच जास्त झिजत नाही, मापही पुढे बदलत नाही. मात्र नंतर टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेताचं तापवणं, हवंच. सुरुवातीला घाईत मी ते दुसऱ्या दिवसावर ढकललं होतं. सकाळी ट्रेमधल्या पंचाच्या कोपऱ्यातून केसाएवढी चीर गेलेली होती.

सायलेन्सर मात्र डी-२ चा नसतो. चांगल्यात इन्कोनेल ७१८ (निकेलचा मिश्रधातू), स्टेलाइट (कोबाल्टचा मिश्रधातू), १७-४ पीएच (एक स्टेनलेस) किंवा टायटॅनियम असतं. इन्कोनेलमध्ये निम्म्याहून जास्त निकेल, त्यात मार्टेन्साइट होतच नाही. त्याला ताकद येते ती भट्टीत, ७२० आणि ६२० अंशांच्या एजिंगमधून, म्हणजे त्या तापमानाला बराच वेळ ठेवण्यातून. १७-४ चंही तसंच: क्वेंचनंतर खोलीच्या तापमानाला येईतो बहुतेक मार्टेन्साइट झालेला असतो, पुढची ताकद एजिंगने. ऑस्टेनिटिक स्टेनलेसचं (खोलीच्या तापमानालाही ऑस्टेनाइटच राहणाऱ्या) म्हणाल, तर नायट्रोजनच्या टाकीची आतली भिंत सहसा त्याचीच असते. वर्षानुवर्षं थंडीत बसून ती काही टूल स्टील झालेली नाही.

वेल्डिंगचे ताण? ते तापवून सैल होतात. धातू गरम झाला की मऊ पडतो आणि ताण सोडतो. थंडीत उलट ताठर होतो.

आयुष्याचा मुद्दा खरा वजनदार. सायलेन्सर झिजतो तो पहिल्या बॅफलला, म्हणजे वायूला अडवणाऱ्या आतल्या भोकाच्या चकतीला. नळीतून सुटलेला तापलेला वायू आणि न जळलेले दारूचे कण तिथे थेट आदळतात, सलग गोळीबारात तो बॅफल लालही होतो. तिथे लागते गरमीतली ताकद, म्हणून तर लोक स्टेलाइटला पैसे मोजतात. एवढ्या तापात थंडीतली कमाई, असलीच तरी, किती टिकणार?

आवाज तर धातूच्या कडकपणावर नसतोच. वायूला पसरायला जागा किती आणि बॅफल त्याला अडवतात कसे, यावर असतो. १९०९ मध्ये हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन संशोधकाने बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं, त्यातही तत्त्व हेच. परवा एक पोरगा बुलेट मोटरसायकलचा सायलेन्सर काखेत घेऊन आला. ‘काका, क्रायो मारा, पोलीस धरतात.’ आत टॉर्च मारला तर सरळ पलीकडचं दिसलं. बॅफल त्यानेच काढून टाकले होते.