थोरल्या सुनेला सुट्टी

हॉप्स न घालता घरी बिअर करते असं सांगितलं की बिअरमधलं ज्यांना कळतं ते कळवळतात, आणि ज्यांना कळत नाही ते विचारतात, "हॉप्स म्हणजे काय?" मला दुसरे बरे वाटतात. त्यांना निदान चार गोष्टी ऐकवता येतात. पहिल्यांना काही ऐकवायला जावं तर तेच सुरू होतात.

तर हॉप्स म्हणजे एका वेलीची मादी फुलं. हिरवी, कागदी पाकळ्यांची, शंकूच्या आकाराची. ही वेल गांजाच्या कुळातली. गांजाची नशा तिच्यात नाही, पण कूळ तेच. ही माहिती मी सासूबाईंना योग्य वेळी पुरवली, आणि तेव्हापासून मी हॉप्सऐवजी रानातून खुडून आणलेल्या पाल्याला घरात एकदम प्रतिष्ठा आली. "त्यापेक्षा हे बरं गं," त्या म्हणाल्या, "निदान चांगल्या घरचं तरी दिसतंय."

बिअरमध्ये हॉप्स म्हणजे एकटीनं घर ओढणारी थोरली सून. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचा, गोडवा कडूपणानं तोलून धरायचा तिनं, वास आणायचा तिनं, वरचा फेस टिकवायचा तिनं, आणि आंबट करणाऱ्या जिवाणूंना दारातूनच परत लावायचं तेही तिनंच. उकळताना हॉप्समधल्या अल्फा आम्लांचं रूप पालटतं. कडूपणा आणि पहारा, दोन्ही त्या पालटलेल्या आम्लांकडून मिळतात. अशी सून चार दिवस माहेरी गेली की घराचं काय होतं, हे मी स्वतः सून असल्यामुळे पुरतं जाणून होते. तरी पाठवली. तिच्या जागी मग तीन-तीन जणी लागतात. एक कडूपणाला, एक वासाला, आणि एक 'असू दे' म्हणून. शिवाय तिघी मिळूनही पहारा ढिलाच. बिनहॉप्सची बिअर लवकर आंबट होते. म्हणजे करायला महिना, आणि झाली की संपवायची घाई. बाकीच्या माझ्या सगळ्या अडचणी ही याच एका अडचणीची पिल्लावळ.

रानातल्या बिअरच्या नादी लागलेली माणसं जुन्या काळाबद्दल फार हळवी होऊन बोलतात. हॉप्स येण्याआधी युरोपात बिअरमध्ये ग्रुइट नावाचं मिश्रण पडायचं. दलदलीत वाढणारी स्वीट गेल, यारो, मार्श रोझमेरी असा पाला त्यात असे. मग ही माणसं डोळे मिटून म्हणतात, काय ते दिवस, ज्यानं त्यानं उठावं, रानात जावं, हवं ते खुडावं. कसलं आलंय! आजच्या नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीच्या पट्ट्यात ग्रुइट विकायचा हक्क बिशपांकडे, सरदारांकडे नाहीतर शहरांकडे असायचा. मिश्रण त्यांच्याचकडून घ्यायचं, त्यात काय आहे ते विचारायचं नाही, आणि पैसे मोजून घरी यायचं. ब्रूज शहरातल्या एका घराण्यानं या हक्कावर इतकं कमावलं की त्यांचा ग्रूटहूझ वाडा आज संग्रहालय म्हणून बघायला मिळतो. तेव्हा हॉप्सविरुद्ध बंड पुकारताना आपण बिशपाच्या वसुली कारकुनाच्या बाजूनं उभे आहोत, एवढं लक्षात असलेलं बरं. माझ्याकडून तर तो कर आजही वसूल होतो. गॅस आणि सगळ्यात मोठं पातेलं वापरण्याबद्दल दर खेपेला पहिली बाटली सासूबाईंकडे जमा करावी लागते. त्या ती पीत नाहीत. कपाटात ठेवतात. हक्क म्हणजे हक्क.

हॉप्सबद्दल बाराव्या शतकातच बिंगेनच्या हिल्डेगार्ड या जर्मन मठाधिपती बाईंनी लिहून ठेवलंय की त्याच्या कडूपणानं पेयं टिकतात, पण माणूस उदास होतो. माझ्या मते बाईंचं निम्मंच बरोबर. हॉप्सनं माणूस उदास होत नाही, हॉप्सबद्दल बोलणाऱ्यांमुळे होतो. पुढे १५१६ साली बव्हेरियात कायदाच झाला: बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी, बस्स. साखरेची दारू करणाऱ्या यीस्टचं त्यात नावच नाही. सगळी मेहनत तिची आणि कागदावर नाव नाही, हे वाचून मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. इंग्लंडात तरी काय झालं? तिथली एल नावाची बिनहॉप्सची बिअर बहुतेक करून घरोघरच्या बायकाच करत. ती फार टिकायची नाही, म्हणून थोडीथोडी, पुन्हापुन्हा करायची आणि उरलेली शेजारीपाजारी विकायची. हॉप्स आल्यावर बिअर टिकायला लागली, लांब जायला लागली, मोठाली भांडी आली, भांडवल आलं, आणि धंदा हळूहळू पुरुषांच्या हातात गेला. हे मी नवऱ्याला ऐकवलं तेव्हा तो भांडी घासत होता. "बघ, परत आणलास की नाही घरात," तो म्हणाला. त्यात कौतुक किती आणि भांड्यांचं दुःख किती, ते कळलं नाही.

आता रानात जाऊ. यारोची पानं पिसांसारखी बारीक चिरलेली आणि फुलांचे पांढरे सपाट गुच्छ. विषारी हेमलॉकचीही पानं बारीक चिरलेली आणि फुलांचे पांढरे गुच्छ. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसच्या हाती दिला तो पेला या हेमलॉकचाच. फरक आहे, नाही असं नाही. हेमलॉकचं खोड गुळगुळीत, त्यावर जांभळे डाग, आणि पान चुरडलं तर उंदराच्या मुताची आठवण होते. यारोचं खोड लवदार आणि वास औषधी. हे मला पाठ आहे, नवऱ्याला मात्र विश्वास नाही. तो पिशवी धरून मागून येतो आणि जुडी आत टाकली की विचारतो, "सॉक्रेटिस नाही ना?" हा प्रश्न आता घरात कायमचाच झालाय. मी केलेल्या कुठल्याही नव्या पदार्थाकडे बघून तो हेच विचारतो. स्प्रूसचे कोवळे शेंडे घ्यायला गेलं की तीच कथा, कारण यू नावाचं झाडही असंच सुयांच्या पानांचं आणि भयंकर विषारी. या छंदात 'बहुतेक तेच असावं' या वाक्याला जागा नाही. शंभर टक्के ओळखू आलं तरच खुडायचं, नाहीतर हात खिशात. रस्त्याकडेचं आणि फवारणी केलेलंही सोडून द्यायचं. मग उरतं ते चिखलाच्या पलीकडे उगवतं.

एक युक्ती मात्र खरंच उपयोगाची आहे आणि ती कुणी सांगत नाही. पाला थेट पातेल्यात टाकायचा नाही. आधी प्रत्येकाचा वेगळा काढा कपभर करायचा, चाखायचा, मग थेंबाथेंबानं मिसळून बघायचं. मगवर्ट नावाचा कडू पाला वाळवून लिटरला ग्रॅमभर घातला तरी जिभेला जाणवतं. त्याच्या दुप्पट घातलं की शिक्षा वाटते. कडू पाला उकळीत, सुवासिक फुलं गॅस बंद करताना, एवढं तंत्र पुरतं. (मगवर्ट आणि यारो गरोदर बाईनं टाळायचे. आणि घरी बिअर करणं कुठे चालतं, कुठे परवाना लागतो, कुठे मुळीच चालत नाही, तेव्हा आपापला कायदा आधी बघायचा.) यात घराचं फक्त एवढंच होतं की ओट्यावर निरनिराळे कडू कप मांडलेले असतात आणि कुणीतरी त्यातला एक चहा समजून उचलतं. सासरे हल्ली कप उचलण्याआधी वास घेतात. माझ्या हातचा साधा चहाही ते वास घेऊनच पितात.

बिअर करायचा दिवस हा खरा तर बिअर न करण्याचा दिवस. आठ वाटे धुणं, दोन वाटे करणं. सातूचं भरडलेलं माल्ट ६६ अंश सेल्सिअसच्या आसपास पाण्यात तासभर ठेवायचं, म्हणजे त्यातली विकरं (एन्झाइम) पिष्टाची साखर करतात. दहा अंश वर गेलं की विकरं बाद, फार खाली गेलं की आळशी. तो तासभर मी थर्मामीटर धरून पातेल्यापाशी उभी असते आणि घरातल्या प्रत्येकाला नेमकी तेव्हाच भूक लागते. पुढे गाळणं. फिनलंडमधे साहती नावाची बिअर लाकडी कुंडीत जुनिपरच्या फांद्या अंथरून त्यातून गाळतात. दृश्य सुरेख असणार. माझ्याकडे चाळणी आहे. मग उकळणं, गार करणं, यीस्ट घालणं, आणि झाकणावर वायू बाहेर सोडणारी पाण्याची नळी बसवणं. ती नळी दिवसा गप्प असते. रात्री सगळे झोपले की 'बुडुक' करते. थोड्या वेळानं पुन्हा 'बुडुक'. "कुणीतरी उठलंय," असं सासूबाई आतून म्हणतात. उठलेलं कुणी नसतं. यीस्ट कामावर असते.

बिअरची घनता मोजणारा हायड्रोमीटर १.०४५ वरून १.०१० वर येऊन चार-सहा दिवस तिथंच थांबला की साधारण साडेचार टक्क्यांची बिअर तयार. बाटलीत लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालून झाकण लावायचं, फेस आपोआप तयार होतो. साखर हात सैल सोडून घातली तर बाटल्या फुटतात, म्हणून मी ती काट्यावर मोजते आणि एक बाटली प्लास्टिकची भरते. ती दाबून टणक लागली की बाकीच्या फ्रीजमध्ये. बिनहॉप्सच्या बिअरचा एक मोठा फायदा इथं सांगितलाच पाहिजे. पारदर्शक बाटलीत उजेडानं बिअरला जो घाण वास येतो, तो हॉप्सच्या कडू आम्लांपासून तयार होतो. हॉप्स नाही तर वास नाही. मी साध्या पांढऱ्या बाटल्या बिनधास्त वापरते. बिअरतज्ज्ञ मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "हो, पण मग फेस कुठाय?" फेस होता. तो बघेपर्यंत थांबला नाही.

आणि आता घड्याळ सुरू. बिअर आज छान आहे, पुढच्या महिन्यात आंबट होणार, आणि पिणारे नाहीत. १७७३ साली कॅप्टन कुकनं न्यूझीलंडच्या डस्की साउंडमध्ये रिमू नावाच्या झाडाच्या फांद्या आणि मानुका नावाच्या झुडपाची पानं उकळून, काकवी घालून खलाशांसाठी बिअर केली होती. स्कर्व्हीवर उपाय म्हणून. ते मी आदरानं वाचते, पण कुकची सोय बघा. त्याचे पाहुणे जहाजावर होते. जाणार कुठे? माझ्या पाहुण्यांना दार माहीत आहे. पहिला घोट घेऊन लोक जे बोलतात त्याची मी एक यादीच पाठ केली आहे. "वेगळी आहे." "इंटरेस्टिंग आहे." "पोटाला चांगली असेल." चौथा घोट घेणारा माणूस मी कुठेही ओळखीन. बिअरतज्ज्ञ मित्रानं ग्लास उजेडाकडे धरला, हुंगला, थोडी तोंडात फिरवली आणि म्हणाला, "छान. यात थोडे हॉप्स घातले असते तर."

शेवटी गिऱ्हाईक भलत्याच दाराशी निघालं. या खेपेला वासासाठी मी मेडोस्वीटची फुलं घातली होती. त्या फुलांत सॅलिसिलेटं असतात, अ‍ॅस्पिरिनच्या गोतातली. बाटलीत त्यांचा अंश इतका किरकोळ की गुडघ्याला पत्ताही लागू नये, हे मी सासूबाईंना नीट समजावून सांगितलं होतं. त्यांनी त्यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि थेट आपल्या भावाला फोन लावला. संध्याकाळी मामा काठी टेकत हजर. मागून त्यांच्या मंडळातले आणखी तिघे, सगळे गुडघेवाले. मी घाईघाईनं सांगितलं की मामा, ही बिअर आहे, दारू आहे, औषध नाही, तुम्ही रक्त पातळ करायची गोळी घेत असाल तर बिलकूल नको. "ती गोळी हा घेतो," असं म्हणून त्यांनी एकाला बाजूला बसवलं. सासूबाईंनी कपाटातून करापोटी जमा झालेल्या बाटल्या काढून ओळीनं मांडल्या. मामांनी एक उचलली, डोळ्यांजवळ नेऊन लेबल शोधलं, ते नव्हतं, तशी चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, जेवणाआधी घ्यायची की जेवणानंतर?"