गड चढणं आणि गड चढवणं

रायगड चढणं वेगळं आणि घरच्यांना रायगड चढवणं वेगळं. चढायला मांड्यांत जोर लागतो, चढवायला जिभेत. चित दरवाजाकडच्या वाटेने पायऱ्या चौदाशेच्या वर आहेत, आणि जवळपास प्रत्येक पायरीला कोणीतरी विचारतं, "अजून किती?"

या प्रश्नाला उत्तर मिळू नये, अशी सोय गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी सतराव्या शतकातच करून ठेवली आहे. महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत असा दडवलाय की वाट वळसा घेऊन अगदी पुढ्यात पोचेपर्यंत तो दिसत नाही. शत्रूला नेमका हल्ला कुठे करायचा ते कळू नये म्हणून ही रचना. तिच्यापुढे शत्रूने काय केलं असेल ते असो, आपल्याकडचे काका मात्र तिथेच बसकण मारतात. दरवाजा लागला की मंडळी "आलो एकदाचे" म्हणून फोटो काढतात. त्यानंतरही बऱ्याच पायऱ्या आहेत, हे फोटो काढून झाल्यावरच सांगावं. ताकवाल्या मावशींना विचाराल तर त्या "दहा मिनटं" म्हणतील. ही दहा मिनिटं घड्याळातली नव्हेत.

दमछाक होते ती पायऱ्यांच्या आकड्यामुळे कमी आणि त्यांच्या उंचीमुळे जास्त. एक पायरी वीतभर, पुढची गुडघ्याला येणारी. पावलांना ताल म्हणून सापडत नाही. त्यावर उपाय एकच, धाप लागायच्या आधी थांबायचं. धाप लागल्यावर बसलेला माणूस लवकर उठत नाही. सकाळी सहाच्या सुमारास चढायला लागावं. माणशी दोन लिटर पाणी घ्यावं आणि ते ज्याचं त्याच्या पाठीवर असावं. सगळ्या बाटल्या एकाच सॅकमध्ये भरल्या, की सॅकवाला सगळ्यात पुढे आणि तहानलेली आजी सगळ्यात मागे, हे ठरलेलं. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं. गुळगुळीत तळ्याचे बूट घालून आलेला माणूस तिथे बसूनच उतरतो.

हिरकणीवाडीहून रोपवे आहे, काही मिनिटांत वर पोचवतो. पण सुट्टीच्या दिवशी त्या काही मिनिटांसाठी रांगेत किती तास जातील याचा नेम नाही, आणि वारा फार सुटला की तो थांबवावाच लागतो. वाऱ्याची थट्टा करू नये. टकमक टोकावर छत्री धरलेला एक सेवक वाऱ्याने उचलला आणि छत्रीसकट अलगद खाली उतरला, असं सांगतात. पायथ्याच्या त्या गावाचं नावच छत्री निजामपूर आहे. आपली टोपी तितकी नशीबवान नसते.

वर पोचल्यावर आणखी एक परीक्षा असते. नगारखान्यापाशी कुजबुजलेलं सिंहासनाच्या जागी ऐकू येतं म्हणतात, ते खरं आहे. फक्त ते ऐकायला गर्दी नसताना यावं. सुट्टीच्या दिवशी एकाच वेळी चाळीस जण कुजबुजत असतात. जगदीश्वराच्या देवळापाशी 'सेवेचे ठायी तत्पर' असं कोरलेली हिरोजींची पायरी मात्र चुकवू नये. एवढा गड बांधून माणसाने आपलं नाव पायरीवर घातलं. आणि आपण बाजारपेठेच्या दगडावर बदाम कोरतो!

माझी खरी तक्रार पाचाडबद्दल आहे. पायथ्याचं हे लहानसं गाव गाडीच्या काचेतून बघायचं आणि पुढे जायचं, अशी पद्धत पडली आहे. गडावरची थंड हवा आणि वारा मानवेना म्हणून महाराजांनी जिजाऊंसाठी इथे वाडा बांधला. राज्याभिषेकानंतर दोन आठवड्यांच्या आतच, जून १६७४ मध्ये, त्यांचं इथेच निधन झालं. समाधीही इथेच आहे. वाड्याचे आता चौथरे आणि तटाच्या भिंती उरल्यात. तक्क्याची विहीर अजून आहे, टेकायला दगडी तक्क्यासकट. छत्रपतींनी आईला वरच्या हवेचा त्रास नको म्हणून खाली ठेवलं. आपण गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना मे महिन्यात, भर दुपारी वर नेतो. त्यांना पाचाडात सावलीला बसू द्यावं. गडाची अर्धी गोष्ट इथेच तर आहे.

उतरायला लागण्याआधी बुटांच्या नाड्या घोट्यापाशी आवळाव्यात. नाहीतर पाऊल पुढे सरकतं, अंगठा बुटाच्या टोकावर आपटत राहतो आणि चार दिवसांनी नख काळं पडतं. उतरताना मांड्या शरीराचं वजन रोखून धरतात, म्हणून खाली आल्यावर पाय लटपटतात. महाडला जाणाऱ्या एसटीची पहिली पायरी त्या वेळी गडावरच्या कुठल्याही पायरीपेक्षा उंच वाटते, आणि मागून कोणीतरी विचारतंच, "महाड अजून किती?"